अटलांटिक पार करणाऱ्या बोटीवर जागा मिळतेय, पण उघड्या समुद्राची भीती जात नाही

मतलई (ठाणे) | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं करत महिना गेला, आज लिहितेच.

मी ३४ वर्षांची. गेले तीन हिवाळे मुंबई बंदरात शिडाच्या बोटी चालवते. सुरुवात अगदी लहान, दोन माणसांच्या बोटींवर झाली. गेल्या वर्षी साठवलेली रजा काढून आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा पाच दिवसांचा कॉम्पिटंट क्रू कोर्सही केला. बंदराच्या आत मला कसलीच धास्ती वाटत नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आम्ही कुलाब्याच्या टोकाशी, प्राँग्सच्या दीपगृहाबाहेर गेलो. वारा अचानक वाढला, बोट एका अंगावर कलली आणि खालची कड पाण्याखाली गेली. स्किपर मला जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, शीट (दोरी) सोडायला सांगत होते. मला ऐकू येत होतं, समजतही होतं, पण मूठ उघडत नव्हती. शेवटी दुसऱ्या कुणीतरी ती दोरी माझ्या हातातून काढून घेतली. त्यानंतर मी बंदराबाहेर गेलेले नाही.

आणि आता एका क्रू शोधणाऱ्या संकेतस्थळावरून निरोप आलाय. ४२ फुटी बोट, नोव्हेंबरात स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला जाणार. २,७०० सागरी मैल, साधारण तीन आठवडे. मालकाला एक माणूस हवंय. जेवणाचा खर्च वाटून घ्यायचा, बाकी काही नाही. हे स्वप्न मी कॉलेजपासून उराशी धरलंय. निरोप वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. त्यातला आनंद किती आणि भीती किती, मलाच कळेना.

दोन प्रश्न आहेत. अशी बोट आणि असा स्किपर चांगला आहे हे इथे बसून कसं ओळखायचं? आणि ज्यांनी ही भीती पार केली, त्यांनी नेमकं काय केलं? "घाबरू नकोस" सोडून काहीही सांगा.

---

रविवारचा_क्रू (मुंबई) | २४ ऑगस्ट, रात्री ११:०२

मतलई, मनापासून लिहिलंत. अटलांटिकबद्दल मी बोलू शकत नाही, पण मुंबईबद्दल बोलतो.

पावसाळ्यात आपल्या बोटी बाहेर काढून ठेवतात. ऑक्टोबरात त्या पाण्यात उतरल्या की मेपर्यंत दर शनिवार-रविवारी कुणाला ना कुणाला माणूस कमी पडतंच. क्लबाचं सदस्यत्व नसलं तरी शर्यतीच्या सकाळी धक्क्यावर जाऊन उभं राहायचं, टोपी-बाटली घेऊन, आणि "मला घ्याल का" असं सरळ विचारायचं. मी असाच लागलो. पहिले चार रविवार फक्त वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर वजन म्हणून बसलो. पाचव्या रविवारी विंच, म्हणजे दोऱ्या ओढायचा रहाट, हातात आला. जो वेळेवर येतो आणि शर्यत संपल्यावर शिडं घडी करायला थांबतो, त्याला कुणी सोडत नाही.

मग डिसेंबर-जानेवारीत एखादी बोट गोव्याला न्यायची असते. त्या फेरीवर जागा मिळवायची तर ऑक्टोबरपासून दिसत राहावं लागतं. तुम्ही बंदराबाहेर जायचं थांबवलंत ते लगेच सुरू करा. पहिल्यांदा बाहेर जायचं ते २,७०० मैलांसाठी, असं नको.

---

निवृत्त_दर्यावर्दी (पणजी) | २५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

बेटा, तुझ्या मुठीबद्दल आधी बोलू, कारण सगळं तिथेच आहे.

तू लहान बोटींवर शिकलीस. त्या बोटींच्या तळाला वजन नसतं. त्या कलल्या आणि तू वेळेत काही केलं नाहीस तर उलटतात. पहिल्या वर्षी तू दहा-वीस वेळा पाण्यात पडली असशील. म्हणजे "कलणं म्हणजे उलटणं" हे तुझ्या शरीराने प्रामाणिकपणे शिकून घेतलं, आणि त्या बोटीपुरतं ते खरंच होतं.

कीलबोटीचं तसं नाही. तिच्या पोटाखाली शिशाचा किंवा ओतीव लोखंडाचा कील असतो. बोटीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त. ती जितकी कलेल तितकी शिडावरची वाऱ्याची पकड सैल होते आणि खालचं वजन तिला सरळ करायला जास्त जोराने ओढतं. कड पाण्याखाली गेली याचा अर्थ शीड वाऱ्याच्या मानाने मोठं झालं, रीफ घ्यायची, म्हणजे शीड लहान करायची, वेळ झाली, एवढाच. मोठी फुटणारी लाट आडवी बसली तर तीही लोळू शकते, हे खोटं कशाला सांगू. पण नुसत्या वाऱ्याने ती तशी उलटत नाही. हे वाचून पटेल, शरीराला मात्र पटणार नाही. म्हणून एक कर. चांगल्या वाऱ्यात, अनुभवी माणसासोबत, कीलबोट मुद्दाम कलव. कड पाण्यात जाऊ दे. मग तुझ्या हाताने शीट सोड आणि ती कशी उठते ते बघ. वीस वेळा कर.

दुसरी गोष्ट खोलीची. नवख्यांना वाटतं पाच हजार मीटर पाणी खाली असलं की धोका जास्त. बोटीला खाली किती पाणी आहे याचा पत्ता नसतो. लाट बहुतेक फुटते ती उथळात, तिच्या उंचीच्या सव्वापट खोली उरली की. खोल समुद्रातला लाटांचा फुगवटा लांबच लांब असतो, बोट त्यावर चढते आणि उतरते. आम्हाला चार्टवर लाल पेन्सिलीने वर्तुळं काढायला लावायचे ती खडकांभोवती आणि वाळूच्या दांड्यांभोवती. बोटीला भीती किनाऱ्याची असते.

---

करंजा_बंदर (उरण) | २५ ऑगस्ट, दुपारी १:२०

काकांचं शेवटचं वाक्य माझे वडील आगरी-कोळी बोलीत सांगायचे. वडील तांडेल होते. वादळाची खबर आली की सगळे बंदराकडे पळतात, पण बंदराच्या तोंडाशीच बोटी फुटतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

ताई, आमच्यात कुणाला भीती वाटत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाहीये. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग धंद्याला लागायचं. दोन महिने जमिनीवर काढून पहिल्यांदा बाहेर पडताना आजही पोटात गोळा येतो. मला, आणि माझ्याहून वीस वर्षं मोठ्या माणसांनाही. ते बोलून दाखवत नाहीत, नुसतं बाहेर पडायच्या आधी दोनदा सगळ्या गाठी तपासतात. भीतीचं काम तेच आहे, गाठी तपासून घेणं.

मला दहाव्या वर्षी पहिल्यांदा रात्रीला नेलं तेव्हा वडिलांनी एक टोपली पुढ्यात दिली. बोंबील वेगळे, कोळंबी वेगळी, माकुल वेगळी. पहाटेपर्यंत मान वर केली नाही. उजाडलं तेव्हा कुठेही जमीन दिसत नव्हती, आणि मला भूक लागली होती. हाताला काम द्या. बोटीवर गेल्या गेल्या स्किपरला विचारा, माझं काम कोणतं? आणि ते रात्री, अंधारात, हाताने चाचपून करता येईल इतकं पाठ करा.

आणि पहिले दोन दिवस नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसू नका. बोटीच्या मध्यावर हेलकावा सगळ्यात कमी असतो.

---

सातासमुद्रापार (लिस्बन) | २५ ऑगस्ट, रात्री ११:५०

हा धागा वाचून मला चार वर्षांपूर्वीची मी आठवले. मी मूळची सांगलीची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. लास पाल्मासहून मी गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागा कशा मिळतात ते. फाइंड अ क्रू, क्रूबे, क्रूसीकर्स ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. तिथे स्वतःची माहिती लिहिताना "मला साहस आवडतं" हे सगळेच लिहितात. स्किपरला हवं असतं ते वेगळं. स्टोव्ह हलत असताना चार माणसांचं जेवण करता येतं का? रात्रीच्या पाळीत जागी राहते का? तीन आठवडे लहान जागेत चिडचिड न करता राहते का? मी लिहिलं होतं की मला प्रेशर कुकरमध्ये खिचडी, आमटी, उसळ करता येते, आणि दहा वर्षं रात्रपाळीची नोकरी केली आहे. या दोन ओळींवर मला उत्तरं यायला लागली. सागरी मैल त्यानंतर.

दुसरा रस्ता धक्क्यावरून चालत जायचा. ऑक्टोबर अखेरपासून लास पाल्मासच्या मरीनात शेकडो बोटी जमतात. १९८६ पासून दर नोव्हेंबरात तिथून एआरसी ही मिळून अटलांटिक पार करणाऱ्या बोटींची रॅली सुटते, आणि रॅलीत नसलेल्या बोटीही जानेवारीपर्यंत निघत राहतात. कारण सरळ आहे. कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर अखेर संपतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे बसतात. माझा आधी ठरलेला स्किपर ऐनवेळी आजारी पडला. मी छोटी कार्डं छापून घेतली, रोज सकाळी धक्क्यावर फिरले, लोकांना बोटी धुवायला, सामान भरायला मदत केली. नवव्या दिवशी जागा मिळाली. या रस्त्यातला फायदा असा की बोट आणि माणूस दोन्ही समोर दिसतात. तोटा असा की भारतीय पासपोर्टला तितका मोकळेपणा नसतो.

म्हणून पासपोर्टचं नीट ऐका. खासगी बोटीवरच्या हौशी क्रूला व्यापारी जहाजावरच्या खलाशाच्या सवलती मिळत नाहीत. स्पेनमध्ये पोचायला साधा शेंगेन व्हिसाच लागतो. त्याची मुलाखतीची तारीख मिळण्यातच आठवडे जातात, तेव्हा नोव्हेंबरात जायचं तर ऑगस्ट म्हणजे उशीरच. बोटीने निघताना देश सोडल्याची अधिकृत नोंद करून घ्यायची, नाहीतर पुढच्या व्हिसाला तुम्ही युरोपातच राहिलात असं दिसतं. पलीकडच्या प्रत्येक बेटाचे नियम वेगळे. फक्त जिथे जायचंय तिथले नव्हे, वारा फिरला तर बोट जिथे वळू शकते तिथलेही बघून ठेवा. परतीचं विमानाचं तिकीट हातात ठेवा, कारण क्रूला परत पाठवायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी स्किपरवर येते आणि त्याला तीच काळजी असते. आणि जाताना एकाच बाजूचं तिकीट असेल तर विमान कंपनीला दाखवायला स्किपरचं सहीशिक्क्याचं पत्र घ्या, त्यात बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा.

आता स्किपर. माझं ठाम मत आहे की बोट दुय्यम, माणूस पहिला. भूमध्य समुद्रातल्या एका बंदरात मी एका सुंदर, चकचकीत बोटीवर सामान घेऊन गेले होते. लाइफराफ्टची (संकटात उतरायच्या फुगवत्या तराफ्याची) शेवटची तपासणी कधी झाली असं विचारलं तर मालक हसून म्हणाला, त्याची गरज पडणार नाही. दुपारी तीन वाजता त्याच्या हातात दुसरा ग्लास होता. मी पिशवी उचलली आणि उतरले. धक्क्यावर बसून रडले, कारण पैसे संपत आले होते. तरी तो निर्णय आजवरच्या माझ्या सगळ्या निर्णयांत मला सगळ्यात जास्त प्रिय आहे.

तुम्ही त्या मालकाला हे विचारा. बोटीवर एकूण किती जण आणि कुणी महासागर पार केलाय? पहाऱ्याच्या पाळ्या कशा? चालत्या बोटीवर दारूचा नियम काय? रात्री डेकवर हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) बोटीला अडकवणं सक्तीचं आहे का? लाइफराफ्टची तपासणी, इपर्बची (संकटाचा संदेश पाठवणाऱ्या यंत्राची) नोंदणी आणि बॅटरीची मुदत यांचे फोटो पाठवाल का? आधीच्या दोन क्रूशी, त्यातल्या एका बाईशी, माझं बोलणं करून द्याल का? वाटेत तुम्हालाच काही झालं तर बोट कोण चालवेल? या शेवटच्या प्रश्नावर चांगला स्किपर खूश होतो, कारण त्याने त्यावर विचार केलेला असतो. ज्याला राग येतो त्याच्यासोबत जाऊ नका.

खर्च वाटून घेणं रास्त आहे. जेवण, कधी डिझेल, बंदराचं भाडं. पण आठवड्याला घसघशीत रक्कम मागत असेल तर तो तुम्हाला प्रवासी म्हणून नेतोय. मग विमा आणि परवाने त्या दर्जाचे आहेत का ते विचारायचं.

भीतीबद्दल एवढंच. माझी भीती रात्रीची होती. पहिल्या चार रात्री मला वाटायचं की अंधारात मागून येणारी लाट मला दिसत नाही, म्हणून ती मोठी आहे. पाचव्या रात्री पाळीवर असताना मी ध्रुवतारा शोधला. लास पाल्मास २८ अंश उत्तरेला, म्हणजे तिथे ध्रुव क्षितिजावर २८ अंश. सेंट लुसिया १४ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. रोज रात्री मी मुठीने ध्रुव मोजायला लागले. जवळजवळ तीन मुठींवरून तो हळूहळू दीड मुठीपर्यंत खाली आला. एवढा मोठा समुद्र मी माझ्या हाताने मोजत होते. लाटा तेवढ्याच होत्या, पण माझं लक्ष आता दुसरीकडे लागलं होतं.

---

एका_मुलीची_आई (नाशिक) | २६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मी इथे फारसं लिहीत नाही. माझी मुलगीही असंच काही करू म्हणते म्हणून वाचतेय. मला एकच विचारायचंय. तीन आठवडे मुलीचा आवाज ऐकू येणार नाही, तेव्हा घरच्यांनी काय करायचं? आणि पोहता येणं कितपत कामाचं?

---

सातासमुद्रापार | २६ ऑगस्ट, दुपारी ४:१०

काकू, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि आमच्यासारखे लोक त्याचं उत्तर फार घाईत देतात. आता बहुतेक बोटींवर उपग्रहावरून चालणारं ट्रॅकर किंवा फोन असतो. रोज एकदा बोट कुठे आहे तो ठिपका नकाशावर दिसतो. मी निघण्याआधी आईला सांगितलं होतं की ठिपका दोन-तीन दिवस हलला नाही तर ते यंत्र बिघडलंय असं समज. खरं संकट आलं तर इपर्ब नावाचं यंत्र उपग्रहामार्फत थेट बचाव केंद्राला कळवतं, आणि नोंदणीत तुझा फोन क्रमांक आहे, ते तुला फोन करतील. तिने तो कागद देवघरात ठेवला होता.

पोहता यायला हवंच, घाबरून श्वास कोंडू नये म्हणून. पण चालत्या बोटीतून रात्री पडलेल्या माणसाला पोहणं वाचवत नाही. न पडणं वाचवतं. डेकवर नाळेपासून मागेपर्यंत पट्टे ताणलेले असतात, त्यात आपल्या हार्नेसची दोरी अडकवायची. खालून वर येताना, दारातून डोकं बाहेर काढण्याआधीच अडकवायची. तुमच्या मुलीला ही सवय घरात जिन्यावर लावायला सांगा.

---

जलसंजीवनी (पुणे) | २६ ऑगस्ट, रात्री ९:०५

डॉक्टर म्हणून थोडं. भीती आणि बोट लागणं यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. गार घाम, सारख्या जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कशातच रस न वाटणं. कान सांगतो आपण हलतोय, केबिनमधले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आणि मेंदू गोंधळतो. बऱ्याच जणांना पहिले दोन-तीन दिवस त्रास होतो आणि मग शरीर जुळवून घेतं. त्या दोन दिवसांत "मला हे जमणारच नाही" असं वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नका. तो निर्णय तिसऱ्या दिवशी घ्या.

स्टुजेरॉन किंवा आवोमीन उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, निघण्याआधी घ्यावी लागते. दोन्हींनी झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः काचबिंदू किंवा इतर काही औषधं चालू असतील तर. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा, बऱ्याच जणांना आल्याने बरं वाटतं. उलट्या झाल्या तर जलसंजीवनीचे घोट. आणि स्किपर देत असेल तर सुकाणू हातात घ्या. क्षितिजाकडे बघत बोट चालवणाऱ्याला बोट कमी लागते.

---

निवृत्त_दर्यावर्दी | २७ ऑगस्ट, सकाळी ६:१५

दोन गोष्टी राहिल्या.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून सुटणाऱ्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटींवर वादळ आलं आणि १५ स्पर्धक गेले. त्यानंतर नौकानयनाची सुरक्षा बदलली. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या होत्या, त्यातल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. बोट सोडून राफ्टमध्ये गेलेले काही जण दगावले आणि त्यांची रिकामी बोट मात्र टिकली. तेव्हापासून शिकवतात की राफ्टमध्ये जायचं ते वर चढून, म्हणजे बोट पायाखालून बुडायला लागल्यावरच. भीतीने माणूस जे सगळ्यात आधी करायला बघतो ते इथे सगळ्यात शेवटी करायचं असतं. म्हणून मी मुलांना नेहमी विचारायचो, घाबरल्यावर तुझे पाय कुठे पळतात ते तुला माहीत आहे का? तुला ते आता माहीत आहे. तुझी मूठ आवळते. ही मोठी माहिती आहे.

दुसरं आपल्याच नौदलाचं. इथून जवळच, दिवाडी बेटावरच्या बोटयार्डात म्हादेई ही शिडाची बोट बांधली. ५६ फुटी. तीवरून नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि चार बंदरांत थांबत १९ मे २०१० ला परतले. त्याच यार्डात तारिणी ही बोट बांधली, आणि तीवरून नौदलाच्या वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. लोकांना ते २५४ दिवस आठवतात. त्याआधी त्या मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या, त्याआधी गोव्याच्या किनाऱ्याने, त्याआधी मांडवीत शिडं वर-खाली करत होत्या, हे कुणी विचारत नाही.

आणि नौदलाचेच अभिलाष टॉमी. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा जायबंदी झाला, तीन दिवस हलता न येता बोटीत पडून होते. फ्रेंच मत्स्यविभागाच्या ओसिरिस जहाजाने काढलं. पाठीत टायटॅनियम घेऊन हा माणूस त्याच शर्यतीला २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि दुसरा आला. त्याला भीती वाटली नसेल असं मी कधीच म्हणणार नाही.

---

मतलई | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. प्रत्येक प्रतिसाद मी वहीत उतरवलाय.

मालकाला सातासमुद्रापारताईंचे सगळे प्रश्न पाठवले. उत्तरं सभ्य होती. लाइफराफ्टचा फोटो आला, मुदत चालू आहे. पण आधीच्या क्रूशी बोलणं करून द्यायला त्यांनी तीनदा टाळलं. "तुम्हाला काही झालं तर?" यावर लिहिलं, तशी वेळ येणार नाही. व्हिसाची पहिली तारीख ऑक्टोबरच्या शेवटची मिळत होती.

मी नाही कळवलं. कळवताना हात थरथरत होते, आणि दोन दिवस मला वाटत होतं की मी भीतीपोटीच नाही म्हटलं. मग वहीत दोन रकाने केले. एकात मला वाटणारी भीती, दुसऱ्यात बोटीबद्दलच्या शंका. दुसऱ्या रकान्यात तीन ओळी होत्या आणि तिन्ही मी न घाबरताही लिहिल्या असत्या.

ऑक्टोबरात धक्क्यावर जाऊन उभी राहणार आहे.

---

रविवारचा_क्रू | १४ सप्टेंबर, रात्री ११:१५

या. टोपी, बाटली आणि बोटं उघडी असलेले हातमोजे आणा.

---

मतलई | १९ जानेवारी, सायंकाळी ७:३०

मंडळी, गोव्याला जाऊन आले. बोटीने.

ऑक्टोबरपासून एकही रविवार चुकवला नाही. नोव्हेंबरात एका दुपारी स्किपरना काकांनी सांगितलेलं करून बघायची विनंती केली. ते हसले नाहीत. प्राँग्सच्या बाहेर नेलं, मेनसेल (मुख्य शीड) आणि जिब घट्ट ओढून बोट कलवली आणि म्हणाले, आता तू. पहिल्या वेळी मूठ पुन्हा आवळली. मी मोठ्याने "सोड" असं स्वतःला म्हणाले आणि सोडली. शीट सळसळत गेली आणि बोट अशी उठली की जणू तिला कुणी खालून हात दिला. बारा वेळा केलं. आठव्या वेळेनंतर मी मोजायचं विसरले, आकडा त्यांनी सांगितला.

गेल्या शनिवारी पहाटे निघालो, चौघे जण. दुपारी वायव्येचा खारा वारा आला आणि खांदेरीचं दीपगृह मागे पडलं. पहिली रात्र वाईट गेली. आवोमीन घेतली होती तरी दोनदा उलटी झाली, आणि माझ्या पाळीत अंधारात जाळ्यांच्या बोया दिसत नव्हत्या. किनाऱ्याजवळचा समुद्र किती गजबजलेला आहे हे मला तेव्हा कळलं. विनादिव्याच्या होड्या, जाळी, खडक. स्किपरनी बोट आणखी बाहेर घेतली, आणि किनाऱ्याचे दिवे दिसेनासे झाले तेव्हा मला चक्क बरं वाटलं. काका, तुमचं वाक्य मी मोठ्याने म्हणाले.

रात्री दोननंतर वारा फिरला. जमिनीकडून, मातीचा आणि जळक्या गवताचा वास घेऊन. मतलई. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात बाणांनी दाखवलेला, इथे नाव म्हणून उगाचच घेतलेला. बोट सपाट झाली आणि पाण्यात मागे हिरवट उजेड पडत गेला.

दुसऱ्या रात्री रत्नागिरीच्या खाली मी तीन तास एकटीने पाळी केली. स्किपर खाली झोपले होते, म्हणजे त्यांना झोप लागली होती. मी ध्रुव मोजला. दोन मुठींना थोडा कमी. निवतीच्या खडकांवरचं दीपगृह दिसलं तेव्हा त्यांना उठवलं, कारण तसं ठरलं होतं. सोमवारी सकाळी आग्वाद.

नोंदवहीत २१८ सागरी मैल, दोन रात्री, खाली स्किपरची सही.

भीती होती. पहिल्या संध्याकाळी तर फार होती. करंजादादा, मी निघण्याआधी सगळ्या गाठी दोनदा तपासल्या.

---

करंजा_बंदर | १९ जानेवारी, रात्री ८:०५

ताई, वाचून आईला मोठ्याने ऐकवलं. ती विचारते, बोटीवर जेवायला काय होतं?

---

मतलई | १९ जानेवारी, रात्री ८:२०

काकूंना सांगा, पहिल्या दिवशी आलेपाक आणि पेज. दुसऱ्या दिवशी मी मुगाची खिचडी केली, कुकर दोरीने बांधून. चौघांनी तळ खरवडून खाल्ला.

आणि सातासमुद्रापारताई, या नोव्हेंबरासाठी व्हिसाचा अर्ज मी कधीपासून सुरू करू? वाटेतल्या केप व्हर्दे बेटांवर, मिंदेलो बंदरात थांबून जाणारी बोट शोधतेय. लास पाल्मासहून साधारण साडेआठशे मैल, सहा-सात दिवस, आणि मग पुढे जायचं की नाही ते तिथे ठरवता येईल असा स्किपर हवाय. प्रश्नांची यादी तयार आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आधी त्यांच्या जुन्या क्रूशी बोलेन.